भिंतीला आरसा हवा

शर्ट नवा होता हे त्याच्या घड्यांवरूनच कळत होतं. छातीवर एक उभी, पोटावर दोन आडव्या, पुठ्ठ्याभोवती गुंडाळलेल्या शर्टाला पडतात तशा. कॉलरच्या आतली प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहून गेली होती, त्यामुळे मान वळवायची म्हटली की तो अख्खाच वळत होता. खांद्याची शिवण दंडावर दोन बोटं उतरलेली, बाह्या अंगठ्याच्या मुळापर्यंत. मुलगा सुरगाण्याकडचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, ट्रेनीच्या जागेसाठी आला होता. उत्तरं चोख देत होता. तो बाहेर गेल्यावर शेजारी बसलेले आमचे प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण जरा गबाळा वाटतो, नाही?"

त्या दिवशी माझ्या अंगात राखाडी जॅकेट होतं. सकाळी याच साहेबांनी "काय मॅडम, आज एकदम कडक!" म्हणून त्याची दखल घेतली होती. ते जॅकेट मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात अडीचशे रुपयांना घेतलेलं. त्याआधी कुणीतरी दोन-तीन हिवाळे ते घातलेलं असणार. शिंपीकाम करणाऱ्या मास्टरांनी दोन्ही बाजूंनी आत घेतलं, बाह्या आखूड केल्या, त्याचे तीनशे. बटणं बदलली, साठ रुपये. एकूण सहाशे दहा. तो मुलगा पुढे रुजू झाल्यावर मी त्याला सहज विचारलं. शर्ट-पँट मिळून त्याचे दोन हजारांच्या वर गेले होते, त्यातले हजार मामाकडून उसने.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका मध्यम कारखान्यात एचआर बघते. वीस वर्षं झाली. मुलाखतीला आलेल्या मुलामुलींचे किती कपडे या काळात पाहिले त्याला गणती नाही, आणि ते पाहता पाहता माझं एक मत पक्कं होत गेलं. ऑफिसात माणूस टापटीप दिसतो तो मापामुळे. कपडा नवा की जुना, हे चार फुटांवरून कुणाला सांगता येत नाही. खांदा उतरलेला मात्र दारातून आत येतानाच दिसतो. मग पेठ-सुरगाण्याहून, सटाण्याहून, मालेगावहून नाशकात नोकरीला येणाऱ्या पोरांनी पहिला पगार हातात पडायच्या आत कर्ज काढून फॉर्मल का घ्यावेत? दोनशे-तीनशेत चांगल्या कापडाचा जुना शर्ट घ्यावा, शंभर रुपये शिंप्याला द्यावेत आणि ऐटीत यावं. सरळ हिशेब आहे.

हे मी त्या मुलाला सांगू शकले नाही. ओठांपर्यंत आलं आणि गिळलं. का गिळलं, ते स्वतःशी नीट उलगडून बघावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी ‘फॉर्मल’ या शब्दाचं बघू. राज्य सरकारने ८ डिसेंबर २०२० ला सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं तेव्हा जीन्स-टीशर्ट नको, शुक्रवारी खादी घाला, यावरून बराच धुरळा उडाला होता. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. पुरुषांना फिकट शर्ट, गडद पँट आणि शर्ट खोचलेला. बाईंना साडी किंवा सलवार, चुडीदार. खासगी कंपन्यांत असं लेखी फार कुठे नसतं, तिथे नजरेनेच कळवलं जातं. पण लेखी असो की नजरेतलं, कपडा पहिल्यांदा तुमच्याच अंगाला लागलेला असावा अशी अट यांपैकी कशातच नाही. ती आपण मनाने घालून घेतली.

आणि तीही अलीकडे. आमचं लहानपण जेल रोडला गेलं. वडील प्रेसमध्ये होते, पगार वेळेवर यायचा, तरी घरात कपडा सहजासहजी मरायचा नाही. थोरल्याचा शर्ट धाकट्याकडे, मग त्याचं पायपुसणं, नाहीतर गोधडीच्या पोटातला थर. जे एवढंही करण्यासारखं नसेल ते बोहारणीसाठी गाठोड्यात. दुपारी दोनच्या सुमाराला तिची आरोळी आली की आई गाठोडं घेऊन ओट्यावर बसायची आणि दोघींची जुंपायची. आई म्हणायची, ही जरीची आहे, हिच्यावर डबा यायलाच हवा. बोहारीण ऐकून घ्यायची, पण हातात घेतलेली पँट आधी उन्हाच्या दिशेला धरायची. बुडाशी कापड विरलं असेल तर उजेड आरपार यायचा. मग ती काही न बोलता डबा परत टोपलीत ठेवायची. एवढी कडक तपासणी आमच्या कारखान्यात क्वालिटीवालेसुद्धा करत नाहीत.

ते कपडे पुढे कुठे जातात याचा विचार मी कित्येक वर्षं केलाच नव्हता. बोहारीण निवड करते. बरे असतील ते धुऊन, टाके घालून, कडक इस्त्री करून बाजारात येतात. लोकरीचे पार पानिपतपर्यंत जातात. तिथे जुनी लोकर पिंजून पुन्हा सूत काढतात आणि भूकंप-पुरात वाटल्या जाणाऱ्या स्वस्त घोंगड्या त्यातून विणतात. परदेशातून येणारे जुने कपडे परवान्याशिवाय आणता येत नाहीत, म्हणून तिकडचा पुष्कळसा माल फाडून, चिंध्या म्हणूनच आत येतो. आणि सुती कापड फिरून आमच्याच दारात. शॉप फ्लोअरवर मशीन पुसायला जी चिंधी लागते ती आम्ही किलोवर घेतो. एकदा स्टोअरमध्ये तो गठ्ठा सोडला जात असताना मी उभी होते. बनियनच्या, चादरीच्या तुकड्यांत एक अख्खी बाही निघाली. निळ्या खादीची, मनगटाशी हाताने घातलेली साखळी टाक्याची वेल, एकही टाका न उसवलेला. ऑपरेटरने त्या बाहीने मशीनवरचं कूलंट पुसलं. त्याचं काय चुकलं? त्याला कापड हवं होतं. पण तो कुर्ता अजून पाच वर्षं कुणाच्या तरी अंगावर ऑफिसला गेला असता. तो थेट चिंधीत गेला, कारण मधे त्याला घेणारं कुणी उभं नव्हतं.

घेणारं उभं राहायचं तर डोळा तयार हवा. माझा तयार केला तो सिडकोतल्या मास्टरांनी. गाळ्याच्या पायरीवर एक मशीन, वर पत्रा, शेजारी कोळशाची इस्त्री. मी पहिल्यांदा जुनं जॅकेट घेऊन गेले तेव्हा त्यांनी ते मला अंगात घालायला लावलं, खांद्यावर दोन चिमटी टेकवल्या आणि म्हणाले, "ताई, खांदा सोडून काहीही सांगा." कमर आत घ्या, उंची कमी करा, बाही वर घ्या, कळ्या काढा, सगळं होतं. खांदा करायचा म्हणजे बाही उतरवायची, मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो भाग, नव्याने कापायचा, कधी कॉलरही उघडायची. तेवढ्या मजुरीत दुसरं जॅकेट येतं. म्हणून जुन्या कपड्यात पहिलं काय बघायचं तर खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसते का. बसत नसेल तर कापड रेशमाचं असलं तरी परत ठेवा.

दुसरी गोष्ट माया. शिंप्याकडे शिवलेल्या जुन्या कपड्यात शिवणीच्या आत दोन-दोन बोटं जादा कापड सोडलेलं असायचं, त्याला माया म्हणतात, आणि याहून चांगला शब्द मला कुठल्या धंद्यात सापडलेला नाही. वडिलांच्या टेरिकॉटच्या पँटी कमरेला मागे इतकी माया बाळगून होत्या की तिशीतली पँट त्यांनी पन्नाशीत वापरली. मधल्या वीस वर्षांत फक्त टीप सरकत गेली. आजच्या रेडिमेडला आतून बघा. ओव्हरलॉकची एक टीप, आणि तिच्या पलीकडे अर्धा सेंटिमीटर. तो कपडा आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही. म्हणून जुना रेडिमेड घेताना जरा ढगळच घ्यावा. कारखान्यात कपडा कापतानाच ठरलेलं असतं की याला दुसरा मालक नाही. इतकंच काय, पहिल्या मालकाचं पोटसुद्धा सुटणार नाही असं गृहीत धरलेलं असतं.

मग बारीकसारीक. ब्लेझरच्या छातीवर बोट फिरवून फोड लागतात का बघायचं, कारण आतलं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असेल तर काही धुलायांनंतर ते सुटतं आणि वर बुडबुडे येतात. त्याला इलाज नाही. पँटीच्या बुडाला आणि कोपराला घासून चकाकी आली असेल तर तीही सहसा जात नाही. कॉलर विरलेली चालते, पण ती उलटून देणारा जुना शिंपी गाठायला हवा. कॉलर उसवायची, आतली बाजू बाहेर करून पुन्हा बसवायची, की शर्टाला आणखी तीन वर्षं. वास? बाजारात सगळेच कपडे साबणाच्या वासाने दरवळत असतात, त्यावर जाऊ नये. मास्टर काखेवर गरम इस्त्री टेकवतात आणि लगेच नाक लावतात. आत मुरलेला घाम ऊब लागली की बोलायला लागतो. मला पहिल्यांदा किळस आली होती. आता मीही करते, फक्त घरी, दार लावून.

आणि घालायचं कसं, हा प्रश्न मला मुलीच जास्त विचारतात. माझं साधं आहे. एका वेळी एकच बोलकी गोष्ट. नक्षीचा जुना कुर्ता असेल तर खाली साधी सरळ पँट. जॅकेट जुनं असेल तर आत पांढरा नाहीतर फिकट कुर्ता, तोही कडक इस्त्रीचा. प्लॅस्टिकची चकचकीत बटणं काढून मेन रोडच्या मॅचिंग सेंटरमधून मॅट बटणं आणून लावली की दोनशेचा कपडा दोन हजारांचा दिसायला लागतो, यात कणभर अतिशयोक्ती नाही. मावश्या-आत्यांच्या कपाटातल्या नारायणपेठ, इरकली साड्या धुऊन धुऊन इतक्या मऊ झालेल्या असतात की एसीतल्या खुर्चीत आठ तास बसायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. ब्लाउज तेवढा आपल्या मापाचा नवा शिवायचा. लोकरीचा ब्लेझर तर नव्याने घेऊच नये या मताची मी आहे. निफाडचा पारा कितीही बातमीत येवो, आपल्याकडे ब्लेझर अंगावर राहतो तो डिसेंबर-जानेवारी असे दोन महिने.

इथवर सगळे माना डोलावतात. मग कुणीतरी म्हणतंच, "पण दुसऱ्याच्या अंगचं..." आणि हळू आवाजात, "मेलेल्या माणसाचं असलं तर?"

नाशकात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. रामकुंडावर अस्थी घेऊन देशभरातून माणसं येतात. गेलेल्याचं पांघरूण, कपडे हे सगळं आपल्या डोळ्यांसमोरचं आहे, भीती तिथून येते. पण हीच माणसं लग्नात भाड्याची शेरवानी घालतात, जी गेल्या आठवड्यात दुसऱ्या नवरदेवाने घामाने भिजवलेली असते. रेल्वेत मिळालेलं ब्लँकेट तोंडावर ओढून झोपतात. आणि आजीची पैठणी? ती तर गेलेल्या माणसाचीच असते. ती नेसून मिरवताना कुणाच्या मनात पाल चुकचुकत नाही. तिला आपण वारसा म्हणतो. म्हणजे खटकतं ते कपड्याचं जुनेपण नव्हे, तो कुणाच्या अंगावरून आला आणि कोणत्या वाटेने आला हे खटकतं.

ही वाट काय असते ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते माझ्याच चुकीमुळे.

आमच्या डिस्पॅचला एक मुलगी नव्याने लागली होती. कामाला चलाख, दोनच ड्रेस आलटून पालटून घालायची. माझ्या कपाटात न होणारे सात-आठ कुर्ते होते, काही तर दोनदाच घातलेले. मी ते धुऊन, इस्त्री करून, चांगल्या पिशवीत घालून तिला दिले. शक्य तितक्या हळुवारपणे, बाजूला बोलावून. तिने "थँक यू मॅडम" म्हणून पिशवी घेतली. त्यातला एकही कुर्ता नंतर कधी तिच्या अंगावर दिसला नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. वर्षभराने, एकदा जेवताना विषय निघाला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, आमच्या आजीचं एकच असायचं. ठिगळ लावू, पण दिलेलं घालायचं नाही."

येवला म्हटलं की बाहेरच्यांना पैठणी आठवते. त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याआधी पाच वर्षं, २ मार्च १९३० पासून, आमच्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला. आणि त्याच्याही आधी, महाडला, २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या ग्रंथात चांडाळांनी मृतांची वस्त्रं ल्यावीत आणि शूद्रांना जुनी वस्त्रं द्यावीत, असं लिहिलेलं आहे. त्या महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले ते कपड्यांबद्दल. जात ओळखू येईल अशी लुगडं नेसायची पद्धत सोडा, स्वच्छ राहा, असं त्यांनी सांगितलं. हे सगळं मला शाळेपासून माहीत होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. माझ्या पिशवीशी त्याचा काही संबंध आहे हे मात्र डिस्पॅचच्या त्या मुलीने आजीचं वाक्य सांगेपर्यंत डोक्यात आलं नाही. ज्यांच्या घरात उतरलेले कपडे पिढ्यान्‌पिढ्या हक्क म्हणून नाही तर जातीची खूण म्हणून आले, त्यांच्यासाठी पहिल्या पगाराचा कोरा शर्ट ही चैन नसते. त्या घडीच्या रेघा अभिमानाच्या असतात. सुरगाण्याच्या मुलाची गोष्ट वेगळी असेल, मला ठाऊक नाही, पण त्याला "जुना घे" म्हणायचा अधिकार मला कुणी दिला होता?

म्हणून माझा मुद्दा आता थोडा बदलला आहे. जुने कपडे ऑफिसात रूढ व्हायला हवेत, याबद्दल माझं मत तसूभरही हललेलं नाही. ते दानाच्या वाटेने रूढ होणार नाहीत. ते विकायला हवेत.

गेल्या काही वर्षांत गावोगाव ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. नको असेल ते द्या, हवं असेल ते घ्या. कल्पना सुंदर, करणाऱ्यांचे हेतू चांगले. पण एकदा तिथे तासभर उभं राहून बघा. देणारा गाडी चालू ठेवून उतरतो, पिशवी अडकवतो आणि निघतो. घेणाऱ्याला भररस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ढीग उपसावा लागतो. अंगाला लावून बघायची सोय नाही. आरसा नाही. खालच्या ढिगात एकच चप्पल, चेन गेलेली पँट, कुणाचे तरी आतले कपडे. पहिल्या पावसात त्या सगळ्याचा लगदा होतो आणि घंटागाडी येऊन घेऊन जाते. ही सोय देणाऱ्याच्या कपाटाची आहे, घेणाऱ्याच्या अंगाची नाही.

१९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ सुरू करणाऱ्या अंशु गुप्तांनी हे नेमकं ओळखलं होतं. त्यांच्याकडे कपडे फुकट वाटले जात नाहीत. गावाने विहीर खोदावी, रस्ता करावा, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. शहरातल्या ऑफिसला विहीर खोदून चालणार नाही, पण तत्त्व तेच लावता येतं. घेणाऱ्याने काहीतरी मोजलं पाहिजे, म्हणजे त्याला नाकारता येईल, दोष काढता येईल. माझी आई बोहारणीशी डब्यावरून भांडायची तेव्हा दोघींत कुणी कुणाच्या उपकाराखाली नव्हतं. मी त्या मुलीला पिशवी दिली तेव्हा तिला घासाघीस करायला जागाच ठेवली नव्हती.

गेल्या दिवाळीआधी आम्ही कॅन्टीनमध्ये एक स्टँड लावला. नियम चारच होते. कपडा धुतलेला, इस्त्रीचा. किंमत पन्नास रुपयांपासून पुढे, चिठ्ठीवर लिहिलेली. पैसे ज्याचे त्याला, दानधर्म नाही. आणि कुठला कपडा कुणाचा हे बोलायचं नाही. लेडीज रूममधला उंच आरसा आणून भिंतीला टेकवला. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. मग प्रॉडक्शनचे साहेब पोटामुळे न होणारे चार शर्ट घेऊन आले, तेही एकेकाला दोन-दोन बोटं माया असलेले, शिवून घेतलेले. ते तासाभरात गेले. डिस्पॅचची मुलगी तिसऱ्या दिवशी आली. एक मोरपंखी कुर्ता काढला, आरशासमोर धरला, काखेची शिवण उलटून बघितली. चिठ्ठीवर दीडशे होते. हिशेबाला बसलेले आमचे अकाउंट्सचे काका पैशाला पक्के. "शंभर," ती म्हणाली. "दीडशे म्हणजे दीडशे." "बाहीचा टाका गेलाय, काका." शेवटी एकशेवीसला सुटला. सोमवारी तो घालून आली, चांगल्या पट्ट्याच्या घड्याळावर. मोरपंखी माझा नव्हता, हे सांगून ठेवते, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल.

याच्या विरुद्ध बाजूने एक आक्षेप येतो आणि तो मला खोडता येत नाही. कॉलेज रोडची मुलं आता हौसेने बुधवारच्या बाजारात जातात, चांगलंचुंगलं उचलतात, फोटो काढून ‘प्री-लव्ह्ड’ म्हणून तिप्पट किमतीला विकतात. माझ्या जॅकेटवाल्याने यंदा तसल्याच जॅकेटचे चारशे सांगितले. ज्याच्यासाठी तो बाजार हौस नव्हे तर गरज आहे, त्याला हे शंभर-दीडशे लागतात. त्यावर मला सुचतं ते इतकंच की माल वाढायला हवा, आणि माल बंगल्यांच्या कपाटांत पडून आहे. स्वस्त म्हणून दहा-दहा घेणारेही असतात, त्यांचं कपाट उद्याचा चिंधीचा गठ्ठा. पाण्याचं म्हणाल, तर एका सुती टीशर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी जातं असा अंदाज नेहमी दिला जातो. खरं आहे. पण पाण्याचा हिशेब मनात धरून सकाळी साडेआठला कपडे निवडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, त्यामुळे माझा त्या युक्तिवादावर फारसा भर नाही.

भर आहे तो सोयीवर. मे २०२३ मध्ये केंद्राच्या स्वच्छ शहर मोहिमेत ठिकठिकाणी जुन्या वस्तू जमा करायची केंद्रं निघाली. जमा करणं जमलं, पुढचं काय? तिथे एक शिलाई मशीन, एक पडदा आणि एक आरसा ठेवायला किती खर्च येतो? सातपूरच्या आयटीआयसारख्या ठिकाणी शिवणाचे वर्ग चालतात. त्या मुलींना सरावाला कोरं कापड कापायला देतात, त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस माणसांच्या अंगावरचं माप बसवायला दिलं तर त्यांची मजुरीही सुटेल आणि हातही बसेल. बचत गटाने असं दुकान काढलं तर कराचीही भीती नाही. नुसते कपडे विकले आणि वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीच लागत नाही. त्याच्या वर गेलं तरी जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे जुन्या वस्तूंवर कर लागतो तो खरेदी-विक्रीतल्या फरकावर, खरेदीच्या करावर सूट घेतलेली नसली की. आणि वस्तूचं मूळ रूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती त्यात चालते. म्हणजे खांदा सोडून जवळपास सगळंच.

कंपन्यांनी करायचं ते याहून सोपं. मुलाखतीच्या पत्रात ‘फॉर्मल पोशाख अनिवार्य’ असं छापायच्या आधी एकदा विचारावं की ट्रेनीला आपण पहिल्या महिन्यात देणार किती. आमच्या पत्रातली ती ओळ मी या वर्षी काढली आणि ‘स्वच्छ, मापातले कपडे’ असं घातलं. साहेबांनी विचारलं, मापातले म्हणजे काय लिहिलंय हे? मी त्यांना घड्यांचा शर्ट आठवून दिला. तो पोरगा आता त्यांचाच लाडका आहे. शर्ट अजून तोच घालतो, फक्त बाह्या दुमडून, आणि छान दिसतो.

पुढच्या महिन्यात नवी भरती आहे, वीस-पंचवीस पोरं येतील. कॅन्टीनमधला स्टँड त्या आठवड्यात गेटजवळच्या खोलीत हलवायचं ठरलंय, आरशासकट. काल मास्टरांकडे जाऊन विचारलं, शनिवारी दोन तास मशीन घेऊन आमच्याकडे बसाल का, मजुरी पोरं देतील, तुमच्या नेहमीच्या दराने. त्यांनी दातात धरलेला दोरा तोडला, सुई उजेडात धरून ओवली.

"बसतो की. पण त्यांना सांगून ठेवा ताई, खांदा घेऊन येऊ नका म्हणावं."